पक्षी लहान दिसतो, हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे

पत्र : मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेखा विभागात काम करते. सात वर्षांपूर्वी घेतलेला निकॉन डी५६०० हा डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-१४० ची लेन्स आणि पुढे घेतलेली ७०-३०० ची डीएक्स (म्हणजे लहान सेन्सरसाठीची) एएफ-पी लेन्स एवढे साहित्य माझ्याकडे आहे. हिवाळ्यात दर रविवारी मी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायला जाते. गेल्या वर्षापासून ओळखीच्या लोकांकडे बारसे, डोहाळजेवण, साखरपुडा अशी छोटी कामे मोबदला घेऊन करू लागले आहे. पक्षी चौकटीत फार लहान येतात, मंगल कार्यालयातील चेहरे बऱ्याचदा अस्पष्ट निघतात आणि व्हिडिओ काढताना फोकस सारखा मागे-पुढे होतो. दुकानदार म्हणतात, डीएसएलआरचे दिवस संपले. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी आणि तिची लेन्स असा पावणेदोन लाखांचा संच त्यांनी सुचवला आहे आणि हप्त्यांचीही सोय आहे. घरी यजमानांचे मत असे की हल्लीच्या मोबाइलमध्येच सगळे येते. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येत असल्याने मलाही घाई झाली आहे. दादासाहेब फाळक्यांनी विमा गहाण ठेवून कॅमेरा आणला, मग मी हप्ते का फेडू नयेत? ता. क. मामांनी दिलेली ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही जुनी लेन्सही माझ्याकडे आहे, पण तिचा ऑटोफोकस चालत नाही. ती दुरुस्त करून घ्यावी का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक चांगली गोष्ट अशी आहे की तुम्ही तक्रारी नेमक्या सांगितल्या आहेत. कॅमेरा बदलण्याविषयी मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘फोटोंत मजा येत नाही’ एवढेच असते आणि त्यावर सल्ला देणे म्हणजे रुग्णाला न पाहता औषध लिहून देणे. तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. दुकानदाराने मात्र तिन्हींवर एकच पुडी बांधून दिली आहे.

पक्ष्यांपासून सुरुवात करू, कारण घोटाळा तिथेच सर्वांत मोठा आहे. पांढऱ्या गळ्याचा खंड्या साधारण २८ सेंटीमीटर लांब असतो. तो ३० मीटरवरच्या फांदीवर बसलेला असताना तुम्ही ३०० मिलिमीटरवर चित्र घेतले, तर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, त्याची प्रतिमा सुमारे २.८ मिलिमीटर लांबीची पडते. हा सरळ प्रकाशशास्त्राचा हिशेब आहे. मागे कोणती बॉडी लावली आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या डी५६०० चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे आणि त्या रुंदीत सहा हजार पिक्सेल आहेत, म्हणजे खंड्याच्या वाट्याला सुमारे ७१५ पिक्सेल येतात. आता तुम्हाला सुचवलेली फुल-फ्रेम बॉडी २४ मेगापिक्सेलची आहे असे धरू, कारण त्या किमतीत बहुधा तीच मिळते. तिचा सेन्सर सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो आणि तेवढेच सहा हजार पिक्सेल त्या मोठ्या रुंदीत पसरलेले असतात. त्याच लेन्सने, त्याच जागेवरून, त्याच खंड्याच्या वाट्याला तिथे जेमतेम ४७० पिक्सेल येतील. शिवाय तुमची ७०-३०० लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेली असल्यामुळे ती लावताच फुल-फ्रेम बॉडी स्वतःहून कडा कापते आणि २४ मेगापिक्सेलपैकी साडेदहाच्या आसपासच हाती उरतात. थोडक्यात, पावणेदोन लाख खर्चून तुमचा खंड्या आज आहे त्याहून बारीक होईल.

फुल-फ्रेम वाईट आहे, असे मी म्हणत नाही. कमी उजेडात त्याच्या चित्रांत कण कमी दिसतात आणि मागची पार्श्वभूमी अधिक मऊ होते. रोजच लग्ने करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. ज्याला लांबचा पक्षी जवळ आणायचा आहे आणि ज्याच्यापाशी ३०० च्या पुढची लेन्स नाही, त्याच्यासाठी मात्र तो मार्ग उलट्या दिशेने जातो. तुम्हाला हवी आहे ती लांब लेन्स, किंवा ३० मीटरचे अंतर १५ मीटरवर आणणारा संयम. अंतर निम्मे झाले की प्रतिमा दुप्पट होते आणि त्याला पैसे लागत नाहीत. चापडगावच्या बाजूला सकाळी उशिरा पोहोचून मनोऱ्यावरून वारकरी पक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या टिपण्यापेक्षा, उजाडण्याआधी जाऊन एका जागी न हलता तास-दीड तास बसून राहिलात, तर शेकाट्यांसारखे लांब पायांचे पाणपक्षी आपण होऊन जवळ येतात. मला स्वतःला हे कळायला चार हिवाळे लागले.

लांब लेन्सच घ्यायची ठरली, तर निकॉनचीच २००-५०० एफ ५.६ ही लेन्स विचारात घ्या. ती २०१५ सालची आहे, सव्वादोन किलोंहून जड आहे आणि वापरलेल्या अवस्थेत बाजारात मिळते. ५०० मिलिमीटरवर तोच खंड्या सेन्सरवर सुमारे पावणेपाच मिलिमीटरचा येतो. ती तुमच्या आजच्या बॉडीवर चालते आणि उद्या मिररलेस घेतलीत, तर ॲडॉप्टर लावून तिच्यावरही चालते. उलट मिररलेससाठीची झेड माउंटची (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जोडणी) कोणतीही लेन्स तुमच्या डी५६०० वर कधीही बसणार नाही.

असे का, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतील. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक आरसा असतो. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे वळवतो आणि बटण दाबले की झटक्याने वर उचलला जातो. त्या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून १९५९ पासून चालत आलेल्या निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते ती कडी सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर आहे. २०१८ मध्ये आलेल्या झेड माउंटमध्ये आरसाच नसल्याने हे अंतर १६ मिलिमीटरवर आले. जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावायची, तर उरलेल्या साडेतीस मिलिमीटरांची भरपाई करणारी एक पोकळ नळी पुरते. एफटीझेड नावाचा ॲडॉप्टर मूलतः तेवढाच आहे. त्यात काच नाही, त्यामुळे चित्राची प्रत घसरत नाही. तुमच्या दोन्ही झूम लेन्सना स्वतःची मोटर असल्याने त्या या ॲडॉप्टरवर ऑटोफोकससह चालतील. दुकानदाराने हे सांगितले नाही, कारण ॲडॉप्टर विकला की लेन्स विकली जात नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही, तो त्याचा धंदा आहे.

आता कार्यालयातील अस्पष्ट चेहऱ्यांकडे येतो. तुम्ही हा फोकसचा दोष धरून चालला आहात, पण मला शंका आहे. अशी दहा-बारा चित्रे संगणकावर उघडा आणि प्रत्येकाचा शटर वेग पाहा. तो एक तीसांश किंवा एक चाळीसांश सेकंद असा दिसला आणि चित्रात मागचे तोरण स्पष्ट असून माणसेच पुसट असतील, तर फोकस बरोबर होता, माणसे हलली. डोहाळजेवणात ओटी भरणाऱ्या बायका हलणारच. कार्यालयातला उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती संध्याकाळच असते. तुमची १८-१४० लेन्स पूर्ण झूमवर एफ ५.६ पर्यंतच उघडते, त्यामुळे शटर बराच वेळ उघडे ठेवण्यावाचून कॅमेऱ्याला गत्यंतर उरत नाही. याउलट एफ १.८ पर्यंत उघडणाऱ्या लेन्समधून त्याच्या जवळपास दहापट उजेड आत येतो; फक्त झूम नसल्याने तुम्हाला पायांनी पुढे जावे लागते.

म्हणून पहिली खरेदी सांगतो : डीएक्स ३५ मिलिमीटर एफ १.८ जी. लहान, हलकी आणि तुलनेने स्वस्त अशी ही लेन्स आहे, तिला स्वतःची मोटर आहे, आज डी५६०० वर चालते आणि उद्या ॲडॉप्टरवरही चालेल. तिच्या जोडीला डोके वळवता येणारा एक साधा फ्लॅश घ्या आणि त्याचा झोत थेट चेहऱ्यावर न टाकता पांढऱ्या छताकडे टाका. छत फार उंच किंवा रंगीत असेल तिथे ही युक्ती चालत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत छतालाच जांभळे दिवे लावलेले असतात आणि मग साऱ्या सुवासिनी जांभळ्या निघतात.

चित्रे तपासताना शटर वेग पुरेसा असूनही चेहरे अस्पष्ट आणि मागची भिंत स्पष्ट निघाली, तर तो दोष खरोखर फोकसचा आहे आणि तिथे मिररलेसचा फायदा खरा आहे. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे ३९ बिंदू आहेत आणि ते चौकटीच्या मधल्या भागात गोळा झालेले आहेत. कडेला उभ्या असलेल्या मावशींचा डोळा त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. मिररलेसमध्ये फोकसचे काम सेन्सरच करतो, त्यामुळे बिंदू जवळजवळ सगळ्या चौकटीभर पसरतात आणि डोळा ओळखून त्याचा माग ठेवणे शक्य होते. २०२४ मध्ये आलेल्या निकॉन झेड५० टूसारख्या लहान सेन्सरच्या बॉडीतही पक्षी ओळखण्याची स्वतंत्र सोय आहे. उडणारा पक्षी टिपताना हा फरक मोठा आहे. बसलेल्या खंड्याच्या बाबतीत जवळपास शून्य.

तिसरी तक्रार व्हिडिओची, आणि तिच्यावर मला काहीही शंका नाही. व्हिडिओ काढताना डीएसएलआरचा आरसा वरच राहतो, त्यामुळे त्याची वेगवान फोकस यंत्रणा निकामी होते आणि कॅमेरा चित्रातील ठळकपणा कमी-जास्त होतो का, हे चाचपडत बसतो. तुम्हाला दिसते ते मागे-पुढे होणे म्हणजे हेच चाचपडणे. ते सेटिंग बदलून जाणार नाही, लेन्स बदलूनही जाणार नाही. शिवाय डी५६०० मध्ये फोर-के व्हिडिओ नाही. ज्यांच्याकडून तुम्ही पैसे घेता, ती मंडळी आज छायाचित्रांइतकाच व्हिडिओ मागतात. तेव्हा मिररलेस घेण्याचे तुमच्यापुरते जर एकच सबळ कारण असेल, तर ते पक्षी नव्हेत, व्हिडिओ आहे.

यजमानांचे म्हणणे मी सहज बाजूला सारणार नाही. मोबाइल एका क्षणात अनेक चौकटी घेऊन त्या एकत्र करतो आणि घरच्या वाढदिवसाला त्याची चित्रे तुमच्या झूम लेन्सपेक्षा सरस निघू शकतात. परंतु ३० मीटरवरचा खंड्या त्याच्या आवाक्यात नाही, आणि पैसे देणाऱ्या ग्राहकासमोर मोबाइल काढला की काय होते, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

डीएसएलआरचे दिवस संपले, हे विधान अर्धे खरे आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपले शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आणले. त्याचा परिणाम असा की जुन्या बॉडीला किंमत येत नाही. पण त्याच कारणाने जुन्या लेन्सही स्वस्त झाल्या आहेत आणि तुम्ही आज विकणाऱ्यांच्या नव्हे, घेणाऱ्यांच्या बाजूला उभ्या आहात. नवे ते टिकाऊ, असाही नियम नाही. निकॉनचीच ‘वन’ ही मिररलेस मालिका २०११ मध्ये आली आणि २०१८ मध्ये बंद झाली. कॅननची एम मालिका २०१२ मध्ये सुरू झाली आणि आर मालिका आल्यावर मागे पडत शेवटी गुंडाळली गेली. त्या लेन्स घेतलेल्यांना पुढे जाण्यासाठी त्याच माउंटची नवी बॉडी उरली नाही. म्हणून बॉडीपेक्षा माउंट पाहावा. झेड, कॅननचा आरएफ आणि २०१० पासून चालत आलेला सोनीचा ई या तिन्हींवर आज सर्व जोर आहे. तुमच्याजवळ निकॉनच्या लेन्स असल्यामुळे दुसरीकडे जाण्याचे मला कारण दिसत नाही.

नव्या यंत्राचे काही त्रासही ऐकून ठेवा. डी५६०० ची एक बॅटरी प्रमाणित चाचणीत ९७० चित्रे देते. त्याच वर्गातल्या मिररलेस बॉडींचे आकडे अनेकदा याच्या निम्म्याहूनही कमी असतात, कारण व्ह्यूफाइंडरमधला छोटा पडदा सतत चालू असतो. साखरपुड्याला दोन जादा बॅटऱ्या लागतील असे धरूनच हिशेब करा. लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, त्यामुळे धूळ लवकर बसते. रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या हौदाजवळ) लेन्स बदलण्याचे धाडस करू नका. आणि आवाज न करणाऱ्या शटरचा मोह आवरा. मी पहिल्यांदा मिररलेस घेतला, तेव्हा एका मुंजीत मोठ्या उत्साहाने सगळी चित्रे त्या मूक शटरवर काढली आणि घरी येऊन पाहतो, तर बटूच्या अंगावर झेब्र्यासारखे आडवे पट्टे. तो शटर सेन्सर एकेक ओळ करून वाचतो आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने कित्येक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्या लुकलुकण्याचेच ते पट्टे होते. यांत्रिक शटर लावून वेग एक शतांश सेकंद ठेवला असता, तर काही झाले नसते. त्या कुटुंबाला मी निम्मे पैसे परत केले. मंगलाष्टके आणि सनई यांच्या गजरात शटरचा आवाज ऐकणार तरी कोण होते?

सिंहस्थाचे कारण मला पटत नाही. पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, पावसाळ्यातच येतात. २०१५ मध्येही त्या ऑगस्ट-सप्टेंबरात झाल्या होत्या. रामकुंडाच्या गर्दीत, पावसात आणि रेटारेटीत लेन्स बदलणे अशक्यच असते. तिथे १८-१४० लावलेला हाताच्या सवयीचा कॅमेरा आणि चांगले रेनकव्हर हे नव्या, अजून हप्ते न फिटलेल्या यंत्रापेक्षा अधिक कामाचे आहे. नवी बॉडी घ्यायचीच असेल, तर निदान सहा महिने आधी घ्यावी, म्हणजे बटणे अंधारातही बोटांना सापडतात.

फाळक्यांचा दाखला तुम्ही दिलात म्हणून सांगतो. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस १९१२ मध्ये लंडनला गेला, त्याआधी त्याने छायाचित्रण, ब्लॉक बनवणे आणि छपाई यांत बरीच वर्षे घालवली होती. काय आणायचे आहे आणि कशासाठी, हे त्याला ठाऊक होते. विमा गहाण ठेवला तो त्यानंतर. हप्त्यांना माझा विरोध नाही, पण ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी सहसा लागतोच. तेव्हा एकूण किती रक्कम जाईल, ती लिहून मागा आणि रोख किमतीशी ताडून पाहा. तुम्ही लेखा विभागात आहात. हे मी तुम्हाला सांगावे, असे नाही.

तर माझा निर्णय असा. पावणेदोन लाखांचा संच घेऊ नका. ३५ मिलिमीटरची लेन्स आणि फ्लॅश या महिन्यात घ्या. पुढचे व्हिडिओचे काम ठरले की त्या दिवसापुरती लहान सेन्सरची निकॉन मिररलेस बॉडी ॲडॉप्टरसह भाड्याने आणा. आपल्या शहरात दिवसभाड्याने साहित्य देणारे आहेत. ते अनामत आणि ओळखपत्राची प्रत मागतात. शक्य झाल्यास भाडे रविवारपर्यंत वाढवून घ्या आणि तीच बॉडी नांदूरमध्यमेश्वरला न्या, सोबत डी५६०० ही ठेवा. ७०-३०० लेन्स आळीपाळीने दोन्हींवर लावून त्याच जागेवरून तेच पक्षी टिपा. घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर बसलेल्या आणि उडत्या पक्ष्यांची चित्रे वेगवेगळी करून, प्रत्येक गटातील नीट फोकस झालेली मोजा. माझा अंदाज असा की बसलेल्यांत फरक दिसणार नाही, उडत्यांत बराच दिसेल आणि व्हिडिओत तर तुलनाच राहणार नाही. तसे झाले, तर केवळ ती बॉडी आणि ॲडॉप्टर घ्या, डी५६०० विकू नका. त्याला पैसे फारसे येणार नाहीत, आणि मोबदल्याच्या कामात एक कॅमेरा अडला, तर हातात दुसरा असलाच पाहिजे. भारतातल्या वॉरंटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी दुकानातच जुळवून पाहा. बिलाविना स्वस्तात मिळणाऱ्या आयात मालाला इथले अधिकृत सेवा केंद्र हात लावेलच, असे नाही. भाड्याच्या दिवशी व्हिडिओतला फरक तुम्हाला जाणवला नाही, तर ते पैसे २००-५०० लेन्सकडे वळवा.

मामांच्या लेन्सविषयी शेवटी. ती बिघडलेली नाही, तिला दुरुस्तीला देऊ नका. त्या काळच्या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसे. ती मोटर बॉडीत असे आणि बॉडीतून निघणारा एक छोटा स्क्रू लेन्स फिरवत असे. डी५६०० मध्ये ती मोटर नाही आणि एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही नाही, त्यामुळे कुठल्याही दुरुस्तीने तिचा ऑटोफोकस तुमच्याकडे चालणार नाही. हाताने फोकस मात्र ती उत्तम करते. मिररलेसच्या पडद्यावर फोकस झालेल्या कडा रंगीत रेषेने उजळवण्याची सोय असते, तिच्या मदतीने एफ १.८ वर बाळाच्या पापणीवरही फोकस धरता येतो. भाड्याची बॉडी आणाल त्या दिवशी ही लेन्सही पिशवीत ठेवा.